रतन मास्तरांची रिकामी ओळ

रतन रणपिसे मास्तर एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून १९९५ साली निवृत्त झाले आणि पुढच्याच हिवाळ्यात त्यांची बायको ठमाबाई गेली. मूलबाळ नव्हतं. पळसदेवच्या नव्या गावठाणात, हमरस्त्यापासून थोड्या आत, त्यांच्या दोन खोल्या होत्या. एका बुधवारी दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हणायला गेले तर आवाज फुटेना. खाकरून पाहिलं. मग ध्यानात आलं, रविवारपासून आपण तोंड उघडलं ते फक्त जेवायला.

त्याच दिवशी त्यांनी दोनशे पानी वही विकत आणली.

आपल्या भागातल्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांची एक पुस्तिका करावी हे त्यांच्या मनात जुनं होतं. गाइडातले अर्थ पाठ करून मुलं पास होत, पण नंतर एक वाक्य बोलायची वेळ आली की भिंतीकडं बघत. मास्तरांनी ठरवलं की अर्थ मुलांच्या तोंडातल्या बोलीत द्यायचा आणि वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोरचं. सगळे शब्द घेणं शक्य नव्हतं. त्यांनी जोर देणारे शब्द निवडले, बोलणाऱ्यानं आपलं म्हणणं ठासून सांगताना वापरायचे. त्यातही एकट्या माणसाला निवडायला हा विषय विचित्रच होता. ठासून सांगायचं कुणाला?

‘व्हेरी’ म्हणजे लई. ज्वारी लई उंच झाली. ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ म्हणजे पार. विहीर पार आटली. ‘सर्टनली’ म्हणजे नक्की. हा शब्द एस.टी.बद्दल वापरू नये. ‘रिअली’ म्हणजे खरोखर; पण ऐकणारा विश्वास ठेवत नसला तरच तो लागतो, एरवी वाक्य त्याच्यावाचून चालतं. अशी वही भरत गेली. रोज सकाळी स्टोव्हवर चहा ठेवायचा, खिडकीशी बसायचं, दोन शब्द लिहायचे. दुपारी सकाळचीच भाकरी. संध्याकाळी लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. वाचताना प्रत्येक वाक्याशेवटी ते जरा थांबत. तिथं कुणीतरी काहीतरी म्हणायचं असे.

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये वही बारामतीला फारुकभाईंच्या छापखान्यात गेली. फारुक मास्तरांच्याच वयाचा. लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं छापण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. बारामतीत आता कॉम्प्युटरवाले आले होते, पण तो अजून शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा हातानं जुळवायचा. पंधरा दिवसांनी मास्तर प्रुफं बघायला गेले तेव्हा तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,

“मास्तर, चौसष्टाव्या पानाला भोक हाय.”

“कसलं?”

“एका शब्दाला अर्थच न्हाय लिवला तुमी. इनडीड. त्येवढी दोन ओळी जागा सोडून समदं पान बांधून ठिवलंय.”

“राहू दे अजून थोडे दिवस.”

“आमच्या शबीनाच्या डिक्शनरीत बघितलं मी. ‘खरोखर’ दिलंय.”

“ते मी दुसऱ्या शब्दाला दिलंय.”

“मंग दोघांस्नी एकच द्या. दोन भावांत एक सदरा चालतो की.”

“चालतो. पण एका वेळी एकानंच बाहेर पडायचं.”

फारुक हसला. मग म्हणाला, “जूनमधी शाळा उघडती. त्याच्या आत अर्थ द्या, न्हायतर मी तितं फूल छापतो. पत्रिकांची फुलं लई पडल्यात माझ्याकडं.”

एस.टी.त बसल्यावर मास्तरांना वाटलं, फारुकला खरं कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. शब्दाचा अर्थ त्यांना माहीत नव्हता असं नाही. एकतीस वर्षं फळ्यावर ‘खरोखर’ असंच लिहिलं होतं त्यांनी. पण वही लिहिताना शब्द हातात धरून बसले, तेव्हा ध्यानात आलं की तो एकट्यानं बोलायचा शब्दच नाही. एकजण म्हणतो, आज ऊन फार आहे. दुसरा म्हणतो, इनडीड. नवीन माहिती काही नाही त्यात. तू म्हणालास ते मी ऐकलं आणि मी त्याच्या बाजूला उभा आहे, एवढंच. आधी कुणीतरी बोललेलं असावं लागतं आणि त्याच्या बोलण्याला कुणाचा तरी आधार हवा असावा लागतो.

आपल्याकडं हे काम हुंकारा करतो. गोष्ट सांगणारा वाक्यावाक्याला थांबतो आणि जवळ बसलेल्यानं ‘हं’ म्हणायचं, ‘व्हय’ म्हणायचं. म्हटलं नाही तर गोष्ट पुढं जात नाही. हे मास्तरांना कुणी शिकवलं असेल तर ते अक्काबाईनं.

अक्काबाई त्यांची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली आणि रतन तिच्याच कडेवर वाढला. जुनं पळसदेव तेव्हा भीमेच्या काठाला होतं. गवताचा भारा घेऊन नदीवरून परतताना अक्का विहिरीत अडकलेल्या राजाची गोष्ट सांगायची. पोर दमून गप्प झालं की म्हणायची, “हुंकारा दे रं. न्हायतर राजा तितंच हिरीत बसंल.” एकदा तो चालता चालताच पेंगला. अक्कानं भाऱ्यासकट त्याला घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच वाक्यापासून गोष्ट सुरू केली. “तुझा शेवटचा हुंकारा तितं व्हता,” म्हणाली.

तिचं लग्न झालं, चोविसाव्या वर्षी नवरा वारला, ती माहेरी परत आली. रतन तोवर शिकत होता, पुढं मास्तर झाला, वरच्या अंगाला दगडी जोत्याचं घर बांधलं. अक्का त्या घरात राहिली नाही. “भावाच्या गावात राहीन, भावाच्या चुलीवर न्हाय,” म्हणून तिनं खालच्या अंगाला, नदीच्या जवळ, बाभळीच्या फोकांचं कुडाचं घर उभं केलं. दार नदीकडं. आत तीन दगडांची, मातीनं लिंपलेली चूल. आषाढात भीमा चढली की खालच्या आळीत पाणी शिरायचं. मग अक्का बोचकं घेऊन भावाकडं यायची आणि दिवाळीच्या तोंडाला खाली जायची. गेल्यावर पहिलं काम चूल लिंपायचं.

पुढं उजनीचं धरण आलं. जुनं गाव पाण्याखाली जाणार हे ठरलं. नव्या गावठाणात कुणाला जागा द्यायची याची यादी करायला पंच्याहत्तर साली एक साहेब आला. त्याचा हिशेब सोपा होता: चूल वेगळी तर घर वेगळं, घर वेगळं तर जागा वेगळी. अक्का पदर खोचून पुढं झाली. “माजी चूल येगळी हाय,” म्हणाली. साहेबानं पेन्सिल थांबवली आणि रतन मास्तरांकडं पाहिलं.

“मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. बाई म्हणतात ते बरोबर आहे?”

सकाळी त्या साहेबानं मास्तरांशी हात मिळवला होता. आळीतल्या दुसऱ्या कुणाशी नव्हता मिळवला. मास्तरांना त्या क्षणी फार नेमकं बोलावंसं वाटलं. साहेबाच्या भाषेत ते म्हणाले,

“वर्षातले चार महिने ती आमच्यात जेवते.”

साहेबानं मान हलवली आणि अक्काच्या नावावरून रेघ मारली.

त्या दिवशी भाकरी वाढताना ठमाबाई म्हणाल्या, “खोटं न्हाय बोलला तुमी. पर बोललाच कशापायी?” पाणी चढायच्या आधीच अक्का पत्र्याची पेटी घेऊन सांगवीला गेली, तिथं मामाचं घर होतं. माळेगावच्या कारखान्याला जाणारा ऊस तोडून, खुरपून तिनं पुढची वर्षं काढली आणि एका कडेला आपली खोली बांधली. ठमाबाई तीनचारदा जाऊन भेटून आल्या. मास्तर गेले नाहीत. आपण खरं तेच बोललो, हे त्यांनी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की ते वाक्य झिजून गुळगुळीत झालं होतं. ठमाबाईंच्या मातीला अक्का आली. बायकांत बसली, रडली, आणि भावाकडं न बघता निघून गेली.

आता वहीतला तो शब्द मास्तरांना पुढं जाऊ देत नव्हता. अर्थ लिहायला पेन टेकवलं की पेन्सिल थांबवून बघणारा तो साहेब दिसे.

मे महिन्यात उजनीचं पाणी खूप मागं हटलं. जुन्या गावाचं देऊळ शिखरापासून पायरीपर्यंत उघडं पडलं आणि लोक बघायला जाऊ लागले. मास्तरही एका सकाळी काठी घेऊन निघाले. देवळाकडं न वळता ते भेगाळलेल्या गाळावरून खालच्या अंगाला गेले. स्वतःच्या घराचं जोतं त्यांना लगेच सापडलं. चारी कोपरे जागेवर होते, उंबऱ्याचा दगडसुद्धा. तिथून पावलं मोजत ते खाली उतरले, वाकून बघत, काठीनं गाळ उकरत. तीन दगड दिसले तर पुरे होते. तीन दगड दिसले असते तर सांगवीला जाऊन सांगता आलं असतं, अक्का, तुझी चूल मी बघून आलो.

थोड्या अंतरावर सिद्धू मासेवाला जाळं वाळत घालत होता. बराच वेळ बघून तो जवळ आला.

“मास्तर, देऊळ तिकडं ऱ्हायलं.”

“देवळाला न्हाय आलो.”

“मंग काय, सोनं पुरून ठिवलं व्हतं?”

“चूल हुडकतोय.”

“ग्यास संपला का काय घरचा?”

मास्तर हसले नाहीत, तसा सिद्धूही जरा ओशाळला. “कुणाची चूल?” त्यानं विचारलं.

“बहिणीची. हितं कुडाचं घर व्हतं तिचं.”

“कुडाचं काय ऱ्हातंय, मास्तर? दगडाचं ऱ्हातं. कूड पहिल्याच पाण्यात गेला आसंल.” तरी तो खाली बसला, हातानं गाळ बाजूला सारला, एक दगड उचलला. “ह्यो बघा, काळा हाय. चुलीतला आसंल.”

मास्तरांनी दगड हातात घेतला. मग खाली ठेवला. “आपल्याकडचा सगळाच दगड काळा, सिद्धू.”

ऊन चढेपर्यंत ते तिथं फिरत राहिले. काही सापडलं नाही. त्यांच्या घराचं जोतं वीस वर्षं पाण्याखाली राहून तसंच होतं आणि तिचं घर कधी नव्हतंच, असं आता कुणीही म्हणू शकलं असतं. जुन्या आळीतली माणसं पांगली होती, म्हातारी वारली होती. ठमाबाई नव्हत्या. अक्काची चूल वेगळी होती हे डोळ्यांनी पाहिलेला, आणि अजून सांगू शकेल असा, एकच माणूस त्या गाळात काठी घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी ते सांगवीला गेले. बारामतीला उतरून फलटणची एस.टी. धरली. वाटेत बोलायची वाक्यं जुळवत राहिले. माझी चूक झाली. मी तेव्हा असं म्हणायला नको होतं. प्रत्येक वाक्य व्याकरणात बसत होतं.

अक्काबाईची खोली उसाच्या रानाला लागून होती. दारात लिंबाच्या सावलीला ती सूप घेऊन गव्हातले खडे वेचत होती. शेजारी एक बाई लसूण सोलत बसली होती. अक्का वाळून लहानखुरी झाली होती. आठ वर्षांचं अंतर आता विसाचं वाटत होतं. तिनं मान वर केली आणि पुन्हा सुपात घातली.

“जय भीम,” मास्तर म्हणाले.

“जय भीम. बसा,” शेजारीण म्हणाली. मग अक्काकडं बघून, “पाव्हणं कोण गं?”

“भाऊ हाय माजा.”

“मास्तर? गोष्टीतला?”

“त्योच, बानूबाई.”

बानूबाईनं मास्तरांना एकदा नीट पाहून घेतलं. मग लसूण पदरात घेतला. “बसा तुमी. माजं कालवण चुलीवर हाय,” म्हणून ती उठून गेली.

मास्तर जोत्यावर टेकले. अक्का वेचत राहिली. गव्हातला खडा ती सावकाश उचलायची, बोटांवर फिरवून बघायची, मग बाजूला टाकायची.

“पाणी उतरलंय,” मास्तर म्हणाले. “देऊळ उघडं पडलंय.”

“ऐकलं.”

“काल तुजी जागा बघाया गेलतो.”

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“काय न्हाय तितं, अक्का. एक दगूड न्हाय.”

“मातीच व्हती. मातीत गेली.”

रानात कुठंतरी मोटार चालू झाली, पाटाला पाणी आलं. जुळवून आणलेली वाक्यं मास्तरांना आठवेनात.

“बानूबाईला समदी गोष्ट पाठ हाय,” अक्का सुपाकडंच बघत म्हणाली. “बरूबर जागंला हुंकारा देती. पर तिनं कुठं बघितलंय? माज्यासाठी म्हणती बिचारी.” तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. “गोष्ट तितंच बसलीया, रतन. हिरीतल्या राजावानी.”

आणि मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, “भीमंच्या काठाला एक बाई ऱ्हायाची.”

थांबली. मास्तरांना कळायला क्षणभर लागला.

“हं,” ते म्हणाले.

“तिचं कुडाचं घर व्हतं.”

“व्हय.”

“दार नदीकडं.”

“व्हय.”

“चूल येगळी.”

“व्हय,” मास्तर म्हणाले. “येगळी.”

यासाठी ते आले होते. इतकं सोपं होतं, आणि बावीस वर्षं लागली होती. त्यांना वाटलं, झालं. पण अक्का पुढं बोलत होती.

“आखाडात पाणी यायाचं. मंग ती वर भावाकडं जायाची. चार म्हैनं तितं जेवायची.”

“व्हय. पर पाण्यात गेली म्हणून चूल काय—”

“हुंकारा देणाऱ्यानं मदी बोलू न्हाय.”

“हं,” मास्तर म्हणाले.

“मंग एक सायब आला. त्यानं भावाला इचारलं. भाऊ शिकल्याला.” अक्का जरा ताठ बसली. पुढचं वाक्य तिनं आपल्या बोलीत म्हटलं नाही. प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ, शाळेत म्हणतात तसं म्हटलं. “भाऊ म्हणला, वर्षातले चार महिने ती आमच्यात जेवते.”

आणि थांबली.

मास्तरांनी आजवर हे वाक्य स्वतःच्याच तोंडून ऐकलं होतं. ते बरोबर आहे की नाही एवढंच तपासलं होतं. पदर खोचून पुढं झालेल्या बाईला ते कसं ऐकू आलं असेल, हे आज पहिल्यांदा ऐकलं. अक्का त्यांच्याकडं बघत नव्हती. समोरच्या उसाकडं बघत ती वाट पाहत होती, जशी पूर्वी भारा डोक्यावर घेऊन पाहायची.

“व्हय,” मास्तर म्हणाले. ती तशीच थांबून राहिली, तेव्हा त्यांनी पुन्हा म्हटलं. “व्हय. म्हणला.”

अक्कानं सूप परत मांडीवर घेतलं.

“पुढं?” मास्तरांनी विचारलं.

“पुढं काय? झाली गोष्ट.”

तिनं आत जाऊन चहा केला. दोघांनी तो प्यायला. कपबशी खाली ठेवताना मास्तर म्हणाले, “अक्का, चल पळसदेवला. मी एकटाच हाय.”

“कुणाच्या चुलीवर?”

“तुजी येगळी मांडू. मागच्या खोलीत.”

ती हसल्यासारखी झाली. “गुडघं वाकत न्हाईत आता, लिंपाया.” मग सावली बघून म्हणाली, “तुजी यष्टी पाचला हाय. ती चुकली तर मंग सकाळीच.”

मास्तर जरा थांबून राहिले. चुकली तर चुकू दे, असं ती म्हणेल असं त्यांना वाटलं. ती म्हणाली नाही. फाट्यापर्यंत चालत जाताना त्यांनी एकदा मागं पाहिलं. बानूबाई परत येऊन जोत्यावर बसली होती आणि अक्का तिला काहीतरी सांगत होती. इतक्या लांबून बानूबाईची मान हलताना तेवढी दिसत होती.

उशीर नको म्हणून ते बारामतीत उतरून तसेच छापखान्यात गेले. छापखाना बंद करायला फारुक कुलूप हातात घेऊनच उभा होता.

“मिळाला अर्थ?”

“लिही. व्हय.”

“व्हय, लिवतो. काय लिवू?”

“तेच. व्हय.”

फारुकनं चष्मा खाली घेतला, मास्तरांकडं पाहिलं आणि पुढं काही न विचारता पुन्हा दिवा लावला. खणांतून तीनच खिळे काढून त्यानं चौसष्टाव्या पानात बसवले.

“आन् वाक्य? समद्या शब्दांस्नी वाक्य दिलंय तुमी.”

“ह्याला वाक्य दुसऱ्यानं द्यायचं असतं.”

“मंग ओळभर जागा उरती. फूल टाकू?”

“नको,” मास्तर म्हणाले. “मोकळी राहू दे.”

पुस्तिका जूनमध्ये निघाली. दोनशे प्रती शाळांमध्ये गेल्या, एक मास्तरांनी सांगवीला पोस्टानं पाठवली. अक्काबाईला वाचता येत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. पावसाळा लागला, पाणी पुन्हा देवळाच्या शिखरापर्यंत चढलं. संध्याकाळी मास्तर खिडकीशी बसून मोठ्यानं वाचत, आणि वाक्य संपलं की पूर्वीसारखेच जरा थांबत.